हवा असूनही टी-पेशी लॅक्टेट का बनवते?

नमस्कार. नाशिकच्या वायनरीत फर्मेंटेशन सांभाळणाऱ्या वाचकाने ही शंका काढली याचा मनापासून आनंद आहे. टी-पेशी म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. ऑक्सिजन असतानाही त्या ग्लायकोलिसिसने, म्हणजे ग्लुकोज तोडण्याच्या पहिल्या वाटेने, लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं रूप) बनवतात आणि इंटरफेरॉन-गॅमा हे लढाईचा संदेश देणारं प्रथिन बनवायला त्यांना ही वाट लागते, असं मी आधीच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हवा मिळाली की यीस्ट दारू करायचं सोडून श्वसनाकडे वळतं, मग ऑक्सिजन हाताशी असताना टी-पेशी ग्लुकोजचं लॅक्टेट कशाला करेल? एका ग्लुकोजमागे ३० च्या आसपास एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) सोडून २ वर कोण भागवेल? शिवाय लेखातला २-डीऑक्सिग्लुकोजचा, म्हणजे ग्लायकोलिसिस अडवणाऱ्या नकली ग्लुकोजचा, पुरावा कच्चा आहे.

दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. पहिला नाही.

तुम्ही सांगता तो, म्हणजे हवा मिळताच फर्मेंटेशन मंदावणं, हा पाश्चर परिणाम, आणि तो साखर तुटपुंजी असताना दिसतो. हंगामात टाकीत येणारा रस २२ ब्रिक्सच्या (साखरेच्या मापाच्या) आसपास, म्हणजे लिटरमागे २०० ग्रॅमहून जास्त साखर. रेड वाइनला पंपिंग ओव्हर करताना, म्हणजे खालचा रस उपसून वर ओतताना, हवा लागते, तेव्हा फर्मेंटेशन थांबतं का? उलट जोर धरतं, कारण त्या ऑक्सिजनवर यीस्ट आपल्या पेशीच्या पडद्यासाठी स्टेरॉल (एक स्निग्ध घटक) बनवून घेतं. साखर मुबलक असली की हवेतही श्वसन दबतं, हा क्रॅबट्री परिणाम. गंमत म्हणजे १९२९ मध्ये क्रॅबट्रीने तो यीस्टमध्ये नव्हे, ट्यूमरच्या पेशींत नोंदवला होता.

टी-पेशीची गरज मात्र वेगळी आहे. ती जागी झाली की दिवसाकाठी कित्येकदा विभागते, आणि विभागायला ऊर्जेइतकाच मालही लागतो. डीएनएसाठी रायबोज ही साखर आणि प्रथिनांसाठी सेरीन हे अमिनो आम्ल ग्लायकोलिसिसच्याच वाटेवरून फुटतं. ग्लुकोजचा सगळा कार्बन जाळून टाकला तर बांधायला काय उरेल? लॅक्टेट बनताना एनएडी, म्हणजे ग्लायकोलिसिसला सतत लागणारा मदतनीस रेणू, मोकळं होतं आणि वाट वाहती राहते. तुमच्या टाकीत इथेनॉल हेच काम करतं. मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली श्वसनाची केंद्रं, या काळात बंद पडत नाहीत, तेही जोरात चालतात. लेखात मी हे सांगायला हवं होतं.

आता पुराव्याबद्दल. २-डीऑक्सिग्लुकोजला हेक्सोकायनेज हे एन्झाइम फॉस्फेट जोडतं, त्यात एटीपी खर्च होतं आणि तो पदार्थ पुढे न सरकता पेशीत साचतो. शिवाय तो मॅनोज या साखरेसारखा दिसत असल्याने प्रथिनांना साखरेच्या साखळ्या जोडण्याचं कामही बिघडवतो. त्यामुळे इंटरफेरॉन-गॅमा घटलं तरी दोष ग्लायकोलिसिसवर टाकता येत नाही.

त्याहून भरवशाची रीत म्हणजे आधी ग्लुकोजमध्ये जाग्या केलेल्या पेशी धुऊन १० मिलिमोलर गॅलॅक्टोज (दुसरी एक साखर) असलेल्या माध्यमात घालायच्या. गॅलॅक्टोज ग्लायकोलिसिसमध्ये फार हळू शिरतं, म्हणून पेशी श्वसनावर जगतात. इथे हमखास चूक होते ती सीरममध्ये, म्हणजे पेशी वाढवायला माध्यमात घालतात त्या रक्तद्रवात. १० टक्के साधं सीरम घातलं की त्याच्याबरोबर ग्लुकोजही येतं आणि फरक पुसट होतो. डायलाइझ केलेलंच (ग्लुकोजसारखे छोटे रेणू काढून टाकलेलं) सीरम वापरावं, आणि मोजणी जिवंत पेशींच्या सारख्या संख्येवर करावी.

२०१३ मध्ये उंदराच्या टी-पेशींवर हे केलं तेव्हा पेशी जगल्या, विभागल्या, पण इंटरफेरॉन-गॅमा फार कमी बनलं. त्याचा एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून निघालेली प्रत, मात्र होता. ग्लायकोलिसिसमध्ये गुंतलेलं जीएपीडीएच हे एन्झाइम काम नसलं की त्या एमआरएनएवर जाऊन बसतं आणि प्रथिन बनू देत नाही. २०१६ च्या प्रयोगात लॅक्टेट बनवणारं एन्झाइमच काढून टाकलं, तेव्हा हिस्टोनवरचं (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचं) ॲसिटिलेशन, म्हणजे जनुक खुलं ठेवणारी रासायनिक खूण, घटून एमआरएनएसुद्धा कमी झाला. म्हणून नुसतं प्रथिन मोजून थांबू नये. एमआरएनए तेवढाच आणि प्रथिन कमी, तर अडथळा भाषांतरात, म्हणजे एमआरएनएवरून प्रथिन बनण्यात. दोन्ही कमी, तर जनुकापाशी.