एका दमात? छे, गूल्डने कात्री कधी लपवलीच नाही

मागच्या महिन्यात एका मित्राने ज्ञानकोशातला एक मराठी लेख तपासायला दिला, विषय कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड, त्याची रेकॉर्डिंग्ज. म्हणाला तू इतकी वर्षं ऐकतोयस, जरा डोळ्याखालून घाल. घातला. तर दुसऱ्याच परिच्छेदात आमच्या नौपाड्याच्या सोसायटी ग्रुपवर वर्षभर फिरत असलेला फॉरवर्ड जवळजवळ जसाच्या तसा, फक्त हात जोडलेले इमोजी तेवढे काढलेले.

फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. २२ वर्षांचा पोरगा स्टुडिओत शिरला, जर्मन संगीतकार बाखचं अख्खं 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' (आरिया म्हणजे सुरुवातीची एक धून, आणि तिची तीस वेगवेगळी रूपं, म्हणजे व्हेरिएशन्स) एका दमात वाजवलं, एकही कट नाही. पुढे लोकांची भीती बसली म्हणून मैफली सोडल्या. मरण जवळ आल्याचं कळल्यावर तेच परत वाजवलं पण हळू, वयामुळे. आणि ते रेकॉर्डिंग नासाने अवकाशात पाठवलं. याला म्हणतात साधना!

आधी ते 'एका दमात' घेऊ, कारण सगळा राग माझा त्याच्यावर आहे. रेकॉर्डिंग झालं जून १९५५ मध्ये, न्यूयॉर्कला ३० व्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत (जुनं चर्च होतं ते), १० तारखेला आणि मग १४, १५, १६ ला. म्हणजे चार दिवस. आणि हे कोणाचं ऐकीव नाही, सोनीने २०१७ मध्ये त्या सेशन्सच्या टेप बाहेर काढल्यात, सात सीडी भरून, त्यात पोरगा अडतोय, थांबतोय, परत सुरू करतोय, सगळं ऐकू येतं. सुरुवातीची जी शांत आरिया आहे ना, जी ऐकून लोक डोळे मिटतात, ती त्याने सगळ्यात शेवटी वाजवली आणि पहिले वीस टेक टाकून दिले. का, तर त्यात भावना जास्त होत होती म्हणून! जास्तीचा भाव पुसून काढायला वीस टेक. आता याला साधना म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण मग 'एका दमात' म्हणू नका.

शिवाय कट लपवायचा विषय नव्हताच, त्याने स्वतःच १९६६ मध्ये लेखात सांगून टाकलंय. बाखचा 'वेल टेम्पर्ड क्लेव्हियर' म्हणून प्रिल्यूड (छोटी प्रस्तावना) आणि फ्यूग (एकच धून एकामागून एक वेगवेगळ्या आवाजांत येते ती रचना) अशा जोड्यांचा दोन भागांचा संग्रह आहे, त्याच्या पहिल्या भागातला ए मायनर फ्यूग, त्याचे आठ टेक झाले, सहावा आणि आठवा दोन्ही बिनचूक. पण नंतर ऐकताना कळलं की सहावा फारच करडा आणि आठवा जरा जास्तच उड्या मारणारा, नुसता कुठलाही एक घेतला तर कंटाळा येतो. मग काय, सुरुवात आणि शेवट सहाव्यातला, मधला भाग आठव्यातला. त्या काळी टेप खरोखर ब्लेडने कापून चिकटवायचे. म्हणजे चूक झाकायला कापलेलं नाही, हा अर्थ त्याला वाजवून झाल्यावर सुचलेला आहे.

आपल्याला हे पचत नाही ते का, ते मला कळतं. आम्ही गडकरी रंगायतनला राम मराठे समारोहात बसणारी माणसं, आपल्याकडे ख्याल समोर घडतो, बुवा एखादी जागा घ्यायला जातात, हुकते, आणि ती हुकलेली सावरून समेवर येतात तेव्हाच तर दाद जाते. तिथे कात्री म्हणजे फसवणूकच. पण बाखने १७४१ मध्ये छापलेल्या कागदावर सूर न् सूर लिहून ठेवलेला आहे, वाजवणाऱ्याला सुचायचं ते फक्त कसं वाजवायचं एवढंच. एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावली की असले फॉरवर्ड जन्माला येतात.

भीतीचं म्हणाल तर मैफली त्याला आवडायच्या नाहीत हे खरं, शेवटची मैफल १० एप्रिल १९६४, लॉस एंजेलिस, वय ३१. पण पळून गेला असं नाही. चुकलं तर परत घेता येत नाही ही त्याची मैफलीबद्दलची मोठी तक्रार, आणि त्याच्या मते एकविसाव्या शतकापर्यंत मैफल हा प्रकारच संपणार होता. हा अंदाज साफ आपटला, ते सोडा.

आता 'वयामुळे हळू'. १९५५ चं साडेअडतीस मिनिटं, १९८१ चं एक्कावन्न मिनिटांच्या वर, फॉरवर्डवाल्याने दोन आकडे बघितले आणि निकाल लावला. अहो, १९५५ मध्ये त्याने एकही भाग परत वाजवलेला नाही. प्रत्येक व्हेरिएशनचे दोन अर्धे असतात आणि दोन्ही दोनदा वाजवायचे अशी खूण बाखने केलेली आहे, ती १९५५ मध्ये सरळ गाळली, १९८१ मध्ये तेरा व्हेरिएशन्समध्ये पहिला अर्धा परत घेतला. ती मिनिटं वजा करा ना आधी! वन्समोअर मिळालेल्या नाटकाला संथ म्हणाल का? हां, आरिया मात्र खरंच संथ आहे, दोन्हीकडे आवर्तन नाही तरी १ मिनिट ५३ सेकंदांवरून ३ मिनिटं ५ सेकंदांवर गेलीय. पण वय तेव्हा ४८! आणि हात थकले असं वाटत असेल तर १९८१ ची जलद व्हेरिएशन्स ऐका. त्याला आपलं जुनं वाजवणं फार पियानोबाजीचं वाटायला लागलं होतं, ही खरी गोष्ट.

मरणाची चाहूल वगैरे तर निव्वळ पिक्चर. रेकॉर्डिंग एप्रिल-मे १९८१ चं. त्यानंतर बाबा गप्प बसला का? १९८२ मध्ये ब्राम्सचे बॅलेड्स केले, वाग्नरचं 'सिगफ्रीड इडिल' स्वतः उभं राहून कंडक्ट केलं, सप्टेंबरात रिचर्ड स्ट्राउसचा सोनाटा केला. पन्नासावा वाढदिवस झाल्यावर दोन दिवसांनी स्ट्रोक आला आणि ४ ऑक्टोबरला गेला. निरोप घेणारा माणूस नवीन कामं हातात घेत नाही.

राहता राहिलं अवकाश. नासाच्या १९७७ च्या व्हॉयेजर यानावर पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत भरलेली सोनेरी तबकडी आहे, तिच्यावर गूल्ड आहे, पण गोल्डबर्ग नाही, 'वेल टेम्पर्ड क्लेव्हियर'च्या दुसऱ्या भागातला पहिला, सी मेजरचा प्रिल्यूड आणि फ्यूग आहे. आणि १९८१ चं रेकॉर्डिंग १९७७ च्या यानात कसं चढलं हे काय कोणाला विचारावंसं वाटलं नाही? गंमत म्हणजे त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहां हो', साडेतीन मिनिटांची, तीही रेकॉर्डच्या मापात बसवून गायलेली. ते फॉरवर्ड मराठीत फिरतंय आणि त्यात केसरबाईंचं नाव नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

दुरुस्त्या पाठवल्या तर मित्राचा फोन, अरे परिच्छेदच उडवलास की. नाही उडवला म्हटलं. वय २२ बरोबर आहे, ते ठेवलंय. 'हळू' पण ठेवलंय, पुढे आवर्तनांचं एक वाक्य जोडून.