फूल, मूल, दूध इतके सोपे शब्द कशाला?

सर, सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा मुद्दा असा : तिसरीच्या मुलांना शुद्धलेखनाला आठवड्याला जेमतेम आठ शब्द, तेही फूल, मूल, दूध, ऊस, चूल, पीठ, तीळ, खीर, म्हणजे बाईंनी स्वतःचं काम हलकं करून घेतलंय. तुमच्या वेळी रोज एक पान शुद्धलेखन असे आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहावा लागे.

पान काढून अक्षराला वळण लागतं, त्यावर वादच नाही. पण दहा वेळा लिहिताना मूल काय करतं ते एकदा शेजारी बसून बघा. आधी वरून खाली दहा 'दू', मग त्यांच्यापुढे दहा 'ध'. 'दूध' हा शब्द त्यानं एकदाही लिहिलेला नसतो.

हे आठ शब्द निवडलेत ते सोपे म्हणून नव्हे. सगळ्यांच्या शेवटी 'अ' आहे, म्हणून त्याआधीचा इकार-उकार दीर्घ. प्रत्यय लागला की तोच ह्रस्व होतो : दुधात, चुलीवर, पिठाचा. मुलं हे सोमवारी तोंडानं म्हणतात. बोलतानाही 'दूध' लांबतं आणि 'दुधात' आखडतं, ते त्यांना ऐकू येतं. शनिवारी श्रुतलेखनाला मी यादी घालतच नाही, वाक्य घालते : 'मुलाने तिळाचा लाडू दुधात बुडवला.' बघा, यादीतला एकही शब्द जसाच्या तसा नाही. पाठ करून आलेलं पोर इथे अडतं.

साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनानं १९६२ साली स्वीकारले तेव्हा ते चौदा होते, १९७२मध्ये अठरा झाले. तिसरीला त्यातले दोन-तीन पुरतात, आणि तेही नियम म्हणून सांगायचे नाहीत.

तुमची घोकंपट्टी मला लागते ती तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दांना. तिथे कान फसवतो. 'मंदिर', 'गणित', 'गुण' आपण म्हणताना लांबवतो आणि लिहिताना ह्रस्व लिहितो. 'दूध' नीट शिकलेलं मूल हमखास 'मंदीर' लिहितं. (गावोगावच्या पाट्या रंगवणारेही तेच लिहितात.) त्या चुकीवर मी रागावत नाही, कारण नियम डोक्यात शिरल्याशिवाय ती होत नाही. असे शब्द वेगळ्या आठवड्यात, चारच, आणि सरळ पाठ. 'गुरू' दीर्घ पण 'गुरुवार' ह्रस्व, हे मात्र फळ्यावर वार लिहिता लिहिता आपोआप बसतं.

श्रुतलेखनाला गुण का देत नाही, असंही तुम्ही विचारलंत. वाक्य फळ्यावर लिहिलं की मुलं आपली वही आपणच हिरव्या पेन्सिलीनं तपासतात. गुण असते तर ती पेन्सिल आधी खोडरबराकडे वळली असती.