मांडवी गोठवलीत, मग उष्णता गेली कुठे?

गोव्यात बसून मराठीत किशोरांसाठी विज्ञानकथा लिहिणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती. नायकाला शक्ती देण्याआधी वहीच्या शेवटच्या पानावर तिचा हिशेब मांडा.

नेहमीचा प्रसंग घ्या. पंधरा वर्षांचा मुलगा नुसत्या मनाने गाडी उचलतो आणि दमून कोसळतो. पण १००० किलोची गाडी १ मीटर उचलायला अडीच किलोकॅलरीसुद्धा लागत नाहीत. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, एका पावात याच्या कितीतरी पट ऊर्जा असते, मग तो दमेल कशाने? खरी अडचण भाराची. गाडीचं वजन कुठेतरी टेकायलाच हवं. ते त्याच्या पायांवर आलं तर खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावर तो चिखलात रुतत जाईल आणि डांबरी रस्त्यावर त्याचे घोटे मोडतील. लिहायचं तर हे लिहा.

पाणी गोठवणारी मुलगी तर हमखास असते. ३० अंशांच्या १ लिटर पाण्याचा बर्फ करताना ११० किलोकॅलरी बाहेर पडतात. मांडवी नदीच्या फेरीधक्क्यापाशी तिने १००० लिटर गोठवलं आणि ती उष्णता शेजारच्या पाण्यात गेली, तर सुमारे १८० लिटर पाण्याची वाफ होईल. धक्क्यावरची माणसं भाजतील. बर्फ सगळेच रंगवतात, वाफ कुणीच नाही.

माझ्या मते आपल्या मातीतली सगळ्यात कसदार शक्ती भरतीची: भरतीबरोबर जिची ताकद चढते आणि ओहोटीबरोबर उतरते अशी मुलगी. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. म्हणजे या सोमवारी अकरा वाजता शिखरावर असलेली मुलगी पुढच्या सोमवारी अकराला ओहोटीत सापडते. परीक्षेचा पेपर मात्र ठरल्या वेळीच सुरू होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग म्हणजे दुबळी भरती, हे तिच्या अंगात दिसलं पाहिजे. आणि मानस, म्हणजे खाजणाच्या बांधातली दारं असलेली मोरी, विसरू नका! भरतीचं पाणी चढलं की तिची दारं त्याच दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. मग बांधाच्या आतल्या शेतात या मुलीची ताकद पोचेल का? हा नियम पहिल्या प्रकरणातच ठरवा. शेवटच्या मारामारीत सोयीने बदललात तर तेरा वर्षांचा वाचक तुम्हाला पकडतोच.

तिथीही तपासा. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, अमावास्येनंतर चौथ्या दिवशी येते. घर पाहुण्यांनी भरलेलं, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधलेली, आणि हिचं उधाण नेमकं तेव्हाच उतरणीला लागलेलं असतं.