मुंबईत आरोपी धावून सापडत नाही

ते फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेलच. आरोपी मुंबईच्या गर्दीत घुसला की गेला, हद्द बदलली की पोलीस हात झटकतात, कॅमेरे नसते तर यांना कोणीच मिळालं नसतं आणि मिळाला तरी नशिबाने. पोलिसांची वकिली करायची मला हौस नाही, साधी तक्रार द्यायला गेलेल्याला किती ताटकळत ठेवतात ते सगळ्यांना माहितीये, पण यातलं काहीच धड नाही.

हद्दीचं आधी उरकतो. वॉरंटशिवाय अटक करता येईल अशा आरोपीच्या मागे पोलीस भारतात कुठेही जाऊ शकतात, जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात (सीआरपीसी) कलम 48 होतं, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये 45 आहे. संपला विषय.

गर्दीचं म्हणाल तर संध्याकाळी दादरच्या पुलावर कोणाच्या मागे धावून बघा, मीही म्हणेन गेला. पण डिटेक्शनवाले, म्हणजे आरोपी शोधून काढणारे पोलीस, धावतात कुठे? पळालेल्याला झोपायला जागा लागते, पैसे लागतात, दोन दिवसांनी घरी फोन करावासा वाटतो, म्हणून ते मेव्हण्याच्या घराबाहेर, जुन्या रूम पार्टनरकडे, नेहमीच्या बारसमोर साध्या कपड्यात फिल्डिंग लावून बसतात आणि खबऱ्याच्या टीपची वाट बघतात. मोबाईलच्या टॉवरवरून एरिया कळतो, पण धारावीत तेवढ्या एरियात किती खोल्या आणि किती पोटमाळे असतात, पुढचं सगळं पायीच.

आता नशीब. 1968 मध्ये उपनगरांत फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या लोकांना रामन राघव ठार मारत होता, तपास क्राइम ब्रँचच्या रमाकांत कुलकर्णींकडे. कॅमेरे सोडाच, घरोघरी फोनसुद्धा नव्हते. 27 ऑगस्टला डोंगरीत सब-इन्स्पेक्टर ॲलेक्स फियालोंनी त्याला रस्त्यात ओळखून धरला. तो समोर आला हे नशीब, मान्य, पण आधी एकदा पकडला गेल्यामुळे त्याचा फोटो रेकॉर्डला होता आणि तो चेहरा फियालोंच्या डोक्यात बसलेला होता, नाहीतर शेजारून निघून गेला असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता. मुंबई पोलिसांतल्या मधुकर झेंडेंचंही तेच. दिल्लीच्या तिहार जेलमधून पळालेल्या सीरियल किलर चार्ल्स शोभराजला त्यांनी एप्रिल 1986 मध्ये गोव्याच्या हॉटेलात जाऊन उचलला, कारण 1971 मध्ये मुंबईत त्यांनीच त्याला एकदा पकडलं होतं. दोनदा नशीब?

आणि कॅमेऱ्याचं तर उलटंच आहे. जानेवारी 2025 मध्ये वांद्र्याला अभिनेत्याच्या घरात घुसून चाकूहल्ला झाला, सीसीटीव्हीतला फोटो देशभर गेला आणि त्यावरून छत्तीसगडमधल्या दुर्गला ट्रेनमधून भलत्याच माणसाला उतरवलं. संशयित शेवटी ठाणे शहरात मिळाला, ट्रेनमधल्या माणसाला सोडून दिलं, पण तोवर त्याचे फोटो टीव्हीवर झळकले होते. त्यात नोकरी गेली आणि ठरलेलं लग्न मोडलं असं त्याने नंतर सांगितलं. पोलिसांना शिव्या घालायच्याच असतील तर त्यावरून घाला ना.