वसुलीची लढाई राहून गेली
तुमच्या लेखात बँकांची कर्जं थकवून लंडनला गेलेल्या विजय मल्ल्याचं प्रत्यार्पण, म्हणजे त्याला भारताच्या ताब्यात देण्याचा खटला, सविस्तर आलंय, पण पैशाच्या वसुलीवर एक ओळही नाही. लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या कोर्टात बॅरिस्टरांचा वाद, त्याला जिथे ठेवायचं होतं त्या मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ मध्ये पुरेसा उजेड येतो का, इथवर गेला. न्यायाधीशांनी बराकीचा व्हिडिओच मागवला. डिसेंबर २०१८ मध्ये निकाल भारताच्या बाजूने लागला, तरी माणूस वर्षानुवर्षं तिकडेच. दरम्यान स्टेट बँकेसह १३ बँकांचे वकील इथल्या कर्जवसुली न्यायाधिकरणाचा आदेश घेऊन लंडनच्या हायकोर्टात उभे राहिले, जगभरातली मालमत्ता गोठवण्याचा हुकूम टिकवला आणि जुलै २०२१ मध्ये मल्ल्याला दिवाळखोर जाहीर करून घेतलं. माझ्यासारख्या ठेवीदाराला हीच लढाई जास्त मोलाची वाटते. तिच्यावर स्वतंत्र लेख लिहाच.