'उचला आणि येरवड्याला पाठवा' म्हणणाऱ्यांना

सोलापुरातल्या आमच्या पेठेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. सोबत सात रस्त्याजवळ फाटक्या कपड्यांत बसलेल्या एका माणसाचा फोटो. मजकूर असा: 'शहरात वेडे वाढलेत. हे लोक धोकादायक असतात. पोलिसांनी उचलून आत टाकावं, नाहीतर येरवड्याला पाठवावं. औषधांनी कुणी बरं होत नाही. घरी राहून उपचार हे परदेशी थेर आहेत.' येरवडा म्हणजे पुण्याचं सरकारी मनोरुग्णालय. माझं मेडिकलचं दुकान अशोक चौकाच्या बाजूला आहे. मानसिक आजाराच्या गोळ्या रोज माझ्या हातून जातात, म्हणून हे लिहितोय.

'आत टाका' याचं उत्तर सोपं आहे: कायद्यानं ते करता येत नाही. 1993 साली शीला बर्से प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा भटकणारा माणूस दिसला, तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं आणि 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. कोठडीत अजिबात नाही. तेव्हा त्या फोटोतल्या माणसासाठी पोलिसांना फोन जरूर करा, पण 'आत टाका' म्हणून नको, 'दवाखान्यात न्या' म्हणून.

धोकादायक? बहुतेक मनोरुग्ण कुणावर हात उगारत नाहीत, उलट मार त्यांनाच जास्त पडतो. आजारावर उपचार नसले आणि वर दारू असली की धोका वाढतो, हे मान्य. पण तो मुद्दा उपचारांच्या बाजूचाच झाला.

आता गोळ्यांचं. माझ्याकडे एक बाई महिन्याच्या सुरुवातीला येतात. बिड्या वळतात. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरतो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे भास आणि भ्रम होणारा मानसिक आजार. सरकारी ओपीडीत गोळ्या मोफत मिळतात, पण रांगेत उभं राहिलं की दोघांचाही खाडा, म्हणून चिठ्ठी माझ्याकडे आणतात. चारच्या चहाबरोबर गोळी, आईच्या डोळ्यांसमोर. मध्यंतरी कारखाना बंद पडला, तेव्हा पैसे पुरवायला त्यांनी एक दिवसाआड गोळी द्यायला सुरुवात केली. मला पत्ता नाही. तीन आठवड्यांत पोरगं रात्री गल्लीत उभं राहून कुणाशीतरी भांडू लागलं, समोर कुणीच नसताना. शेजारी म्हणाले, येरवडा. डॉक्टरांनी गोळी पूर्ववत केली, महिनाभर इंजेक्शनची जोड दिली. आता पुन्हा कांड्या भरतोय. 'बरं होणं' म्हणजे आजार मुळासकट जाणंच असेल, तर मधुमेहवालाही बरा होत नाही. त्याला कोण येरवड्याला पाठवतं?

येरवड्याबद्दलही बोलू. राज्यातली जुनी सरकारी मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. सोलापुरात एकही नाही, येरवडा अडीचशे किलोमीटरवर. बिड्या वळणारी आई तिथं भेटायला किती वेळा जाईल? भरती कधीच लागत नाही असं मी म्हणत नाही. जिवावर बेतलं तर लागते, आणि कायद्यात तिची सोय आहे. पण तोच कायदा म्हणतो की घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्यासाठी माणसाला तिथं ठेवून घेता येणार नाही. डांबण्याची अती काय होते, ते तमिळनाडूतल्या एरवाडीत दिसलं. 6 ऑगस्ट 2001 ला तिथं मनोरुग्णांना ठेवलेल्या जागेला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही. 28 जण गेले.

राहिलं 'परदेशी थेर'. 1980 च्या दशकात बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं तालुक्याच्या डॉक्टरांना मानसिक आजारांचं प्रशिक्षण देऊन गावाजवळ उपचार करून पाहिले, ते कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात. त्याच धर्तीवर 1996 पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. अर्ध्या सोलापूरची सोयरीक कर्नाटकात. बळ्ळारी परदेश वाटत असेल तर बोलणंच खुंटलं.

कार्यक्रम कागदावर आहे तितका गल्लीत दिसत नाही, ही तक्रार माझीही आहे. निम्हान्सच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. ओरडायचंच असेल तर गोळ्या वेळेवर आणि घराजवळ मिळाव्यात म्हणून ओरडा.

ग्रुपवर मी एवढंच टाकलं: टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, फोन मोफत, मराठीत बोलता येतं. तीन अंगठे आले. मूळ मेसेजला चाळीस होते. दुपारी मात्र त्याच ग्रुपमधला एकजण दुकानात आला, गिऱ्हाईक पांगेपर्यंत थांबला आणि हळूच म्हणाला, "तो नंबर परत सांगा. भावासाठी पाहिजे."