दाजींना दिसतंय का?

उजवा खांदा अजून दुखतोय. रॉक कॉन्सर्टला गेलो होतो म्हटलं की लोक कौतुकानं बघतात. त्यांना वाटतं, मी नाचलो.

'क्वीन' या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याच्या गाण्यांचा कार्यक्रम होता, त्याला आदरांजली म्हणून. मी उभ्यानं ऐकणाऱ्यांच्या गर्दीत. पहिलं गाणं सुरू होतंय न होतंय तोच शेजारच्या गृहस्थांनी माझ्या दंडाला बोट लावलं.

"तुम्ही उंच आहात."

हे मला शाळेपासून माहीत आहे.

"दोन मिनिटं धरता का? दाजींना दिसत नाहीये."

आणि माझ्या हातात मोबाइल आला. त्यात व्हिडिओ कॉलवर दाजी. म्हणजे दाजींचं कपाळ आणि वर फिरणारा पंखा.

"कोणी धरलाय रे?" कपाळानं विचारलं.

"एक उंच गृहस्थ आहेत, दाजी."

"बरं. भाऊ, जरा डावीकडे घ्या. अजून. हां, आता हलू नका."

फोन परत का दिला नाही, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. बहिणीचा नवरा रुसला की घरात काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, ते विचारणार नाहीत. त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर ते सगळं लिहिलेलं होतं.

"हा कसला फ्रेडी? मिशी कुठंय?" दाजी.

मी गप्प बसायला हवं होतं, पण चुकीची माहिती ऐकली की माझ्या पोटात दुखतं. "दाजी, सत्तरच्या दशकातली गाणी चाललीत. मिशी त्यानं 1980 मध्ये ठेवली."

"मग त्यानंतरची म्हणायला सांगा."

इकडे गृहस्थ दर गाण्याला माझ्या कानात ओरडत होते, "आपल्या पाचगणीचा मुलगा बरं का!" फ्रेडी, म्हणजे मूळचा फरुख बलसारा, जन्मला झांझिबारला, पारशी घरात, पाचगणीला तो बोर्डिंगच्या शाळेत होता आणि तिथल्या पोरांच्या 'हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे सगळं मी सांगून पाहिलं. त्यांनी मान डोलावली. "पाणीच तसं आहे तिथलं."

निवेदक हा वेगळाच छळ. प्रायोजकांची नावं झाली की "एनर्जी कुठंय?" आणि ती मिळाली नाही की "फ्रेडी वरून बघतोय, जोरात ओरडा!" पंचेचाळिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाला निदान वर तरी गोंगाटापासून सुटी द्या. 20 एप्रिल 1992 ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये त्याच्यासाठी कार्यक्रम झाला तेव्हा 72,000 माणसं होती. जॉर्ज मायकल, एल्टन जॉन, लायझा मिनेली, सगळे आपापल्या गळ्यानं गायले. कुणी फ्रेडी व्हायला गेलं नाही. आमच्या गायकानं मात्र मध्यंतरानंतर पिवळं जॅकेट घातलं आणि मिशी चिकटवून आला. दाजी म्हणाले, "हां! आता आला आवाज."

मग 'बोहेमियन रॅप्सडी'. मधला ऑपेरासारखा भाग आला, दिवे चमकायला लागले आणि सगळे कलाकार आत निघून गेले.

"अरे, माणसं कुठं गेली? नेट गेलं का?"

"नाही दाजी, इथं टेप लावतात."

"टेप? ही तर फसवणूक आहे! तिकिटाचे पैसे परत मागा!"

आजूबाजूचे माझ्याकडे बघायला लागले. आवाज माझ्या हातातून येत होता ना. मी खालच्या आवाजात समजावलं: 1975 च्या त्या रेकॉर्डिंगमध्ये तिघांचे आवाज थरावर थर चढवलेत, ते स्टेजवर गाणं शक्यच नव्हतं, म्हणून खुद्द क्वीनसुद्धा या जागी आत जायचे आणि टेप वाजायची. ही परंपरा आहे.

दाजी जरा थांबले. "म्हणजे मूळ माणूसही फसवायचा. आणि तुम्ही त्याच्या नकलेला पैसे दिलेत?"

संध्याकाळभरात दाजींचा हा एकच मुद्दा मला खोडता आला नाही.

पण खरी चीड पुढची आहे. 'रेडिओ गा गा' लागलं. 1985 च्या लाइव्ह एडला, म्हणजे दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या कॉन्सर्टला, क्वीननं हे गायलं तेव्हा अख्ख्या वेम्बलीनं डोक्यावर हात नेऊन ती जोडटाळी दिली होती. त्याचा व्हिडिओ बघत मी मोठा झालो. मी आलोच होतो त्या टाळीसाठी. चारी बाजूंनी हात वर गेले. माझाही एक हात वर होता, त्यात दाजी होते. दुसऱ्या हातानं मी मांडीवर थाप मारून बघितली.

"भाऊ! चित्र हलतंय!"

आणि ज्यांचा फोन होता ते गृहस्थ दोन्ही हात उंचावून, डोळ्यांत पाणी आणून टाळ्या देत होते. ताल अगदी बरोबर होता त्यांचा. ते मला अजून पचलेलं नाही.

संपल्यावर त्यांनी फोन घेतला. "दाजी, कसं वाटलं?"

"ठीक. कॅमेरावाला नवशिका होता."

गृहस्थ ओशाळून माझ्याकडे वळले. "मनावर घेऊ नका, दाजी जरा स्पष्ट बोलतात." मग माझ्या उंचीकडे एकदा नीट बघत, "पुढच्या वेळी मायकल जॅक्सनचा आहे म्हणे. येणार ना तुम्ही?"